मशीन बोललं, पण रांगेशी

मागे एकदा एका मित्राबरोबर पैसे काढायला गेले होते. तो जन्मापासून पाहू शकत नाही. एरवी तो एकटाच जातो. त्या दिवशी आम्हाला पुढे एकत्र जायचं होतं म्हणून मी सोबत होते. मशीन नवं होतं, बोलणारं होतं. त्यानं कार्ड सरकवलं, भाषा निवडली आणि स्पीकरमधून खणखणीत आवाजात सूचना यायला लागल्या. इथवर आम्ही दोघंही खूश होतो. मग त्यानं शिल्लक विचारली आणि मशीननं खात्यातली रक्कम शेवटच्या आकड्यापर्यंत मोठ्यानं वाचून दाखवली. मागे चार-पाच माणसं उभी होती. कुणी काही बोललं नाही. त्यानं घाईघाईनं रद्दचं बटण दाबलं, कार्ड घेतलं आणि आम्ही पैसे न काढताच बाहेर पडलो.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "बोललं हे चांगलंच. पण ते माझ्याशी कुठं बोलत होतं? रांगेशी बोलत होतं."

त्याच्या खिशात इअरफोन होते. आणि मशीनला ते लावायचं भोकही होतं. मला ते निघताना दिसलं. कार्डाच्या खाचेपासून हातभर खाली, पत्र्याच्या कडेला, बोटांना लागेल अशी एकही खूण शेजारी नसलेलं. दिसतं त्यालाच सापडेल अशा जागी, न दिसणाऱ्यासाठी केलेली सोय.

त्यानंतर मी या विषयाचे नियम शोधून शोधून वाचले. वाचताना सारखं जाणवत होतं की त्या दिवशी आमच्या वाट्याला जे आलं, त्यातली जवळजवळ प्रत्येक चूक कुणीतरी आधीच ओळखून लिहून ठेवलेली आहे. मशीननं काय बोलायचं, कुठून बोलायचं, किती मोठ्यानं बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, सगळं. हे नियम कायद्याच्या भाषेत आहेत आणि ती भाषा फार कोरडी असते, म्हणून इथं साध्या शब्दांत मांडते.

आपला फोन आणि परकं मशीन

दृष्टिहीन माणूस स्वतःचा फोन सहज वापरतो, कारण त्यात स्क्रीन रीडर असतो. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. बोट फिरवलं की त्या जागी काय आहे ते फोन वाचून दाखवतो. वेग, आवाज, भाषा सगळं ज्याचं त्यानं आपल्या सवयीनं लावलेलं असतं. इअरफोन घातले की बाहेर चिटपाखरालाही ऐकू जात नाही.

एटीएम, तिकिटाचं मशीन, विमानतळावरचं चेक-इनचं मशीन, रुग्णालयातलं नोंदणीचं मशीन, ऑफिसातला टचस्क्रीनचा मोठा प्रिंटर, विमानात समोरच्या सीटच्या पाठीला लावलेला पडदा यांचं तसं नाही. त्यात आपण आपलं सॉफ्टवेअर टाकू शकत नाही. टाकता येऊही नये, सुरक्षेचा प्रश्न आहे. अशा यंत्रांना नियमांच्या भाषेत बंद यंत्रणा म्हणतात. बंद म्हणजे बिघडलेली नव्हे. बाहेरचं काही आत घेत नाही, या अर्थानं बंद.

इथून पुढचा विचार सरळ आहे. आम्हाला आमचं साधन आत आणू देत नसाल, तर ते काम तुमच्या यंत्रानं करायचं. अमेरिकेच्या सध्याच्या नियमात हे एका वाक्यात आहे: बंद यंत्रणा वापरण्यासाठी माणसाला स्वतःचे हेडफोन किंवा तसंच कानाशी जोडायचं साधन सोडून दुसरं काहीही जोडावं लागता कामा नये. म्हणजे घरून आणायचे ते फक्त हेडफोन. बाकीची जबाबदारी मशीनची. मला हे वाक्य फार आवडतं, कारण त्यात ओझं कुणी उचलायचं ते स्पष्ट सांगून टाकलंय.

हे नियम आले कुठून

बोलणारी मशीनं तशी अलीकडची. कॅनडातल्या ओटावा शहरात 1997 साली बोलणारं एटीएम लागलं. अमेरिकेत 1999 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनात तसं मशीन आलं. दोन्हीकडे अंध ग्राहकांनी लावून धरलं म्हणून ती आली, आपोआप नाही.

नियमांची मुळं त्याहून जुनी आहेत. अमेरिकेत 1973 चा पुनर्वसन कायदा आहे. त्यात 1986 साली 508 क्रमांकाचं कलम घातलं गेलं. सरकारी कार्यालयांनी घेतलेली इलेक्ट्रॉनिक साधनं अपंग व्यक्तींना वापरता आली पाहिजेत, असा त्याचा आशय. पण त्याला दात नव्हते. ते 1998 च्या दुरुस्तीनं आले, आणि डिसेंबर 2000 मध्ये तपशीलवार मानकं निघाली. त्या मानकांत खासगीपणे ऐकण्याचा उल्लेख थेट होता: यंत्र आवाज देत असेल, तर तो ठरावीक पातळीवर, सर्रास वापरात असलेल्या जोडणीतून मिळाला पाहिजे, म्हणजे माणसाला तो खासगीत ऐकता येईल, शिवाय आवाज मध्येच तोडता, थांबवता आणि पुन्हा सुरू करता आला पाहिजे.

ही मानकं 18 जानेवारी 2017 ला नव्यानं लिहिली गेली आणि वर्षभरानं बंधनकारक झाली. बँकांच्या एटीएमसाठी वेगळा कायदा लागतो, त्याची 2010 ची मानकं 15 मार्च 2012 पासून बंधनकारक आहेत. युरोपात ईएन 301 549 नावाचं मानक 2014 मध्ये आलं, 2021 मध्ये त्याची 3.2.1 ही आवृत्ती निघाली. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडानं तेच आपलंसं केलं. भारताचं आयएस 17802 हे मानकही त्याच धाटणीचं आहे. म्हणजे मजकूर कुठेही वाचला तरी गाभा सारखाच सापडतो.

युरोपचा सुलभता कायदा 28 जून 2025 पासून लागू झाला. त्यात स्वयंसेवा मशीनांनी मजकूर बोलून दाखवावा आणि माणसाला स्वतःचे हेडफोन वापरू द्यावेत असं म्हटलंय. त्याच कायद्यात एक सवलतही आहे: आधीपासून बसवलेली मशीनं त्यांचं उपयुक्त आयुष्य संपेपर्यंत, पण जास्तीत जास्त 20 वर्षं, तशीच चालू ठेवता येतील असं सदस्य देश ठरवू शकतात. वीस वर्षं फार होतात. आज शाळेत जाणारी अंध मुलगी नोकरीला लागेल, तिच्या नोकरीची काही वर्षंही सरतील, तोवर एखाद्या स्थानकात मुकं मशीन कायद्यानंच उभं असेल. मशीनं महाग असतात हे मला कळतं. तरी हा आकडा मला पटलेला नाही.

एका भोकाची गोष्ट

आता त्या भोकाकडे येऊ, कारण सगळी सोय इथंच जमते किंवा फसते.

सर्रास वापरात असलेली जोडणी म्हणजे काय? वर्षानुवर्षं याचा अर्थ एकच होता: 3.5 मिलिमीटरचा हेडफोन जॅक. नियमात मिलिमीटर लिहिलेले नाहीत. यंत्र जे बोलेल ते सगळ्यांना सहज उपलब्ध असलेल्या मार्गानं मिळालं पाहिजे, उदाहरणार्थ सर्रास वापरातली जोडणी किंवा टेलिफोनसारखा रिसीव्हर, एवढंच म्हटलंय. म्हणजे मशीनवाल्यानं आपली वेगळीच पिन काढून तिचे हेडफोन मागून घ्या म्हणायचं नाही.

जॅकच्या आत एक बारीकशी पत्री असते. भोक रिकामं असताना ती दुसऱ्या पत्रीला टेकलेली असते. पिन आत गेली की ती बाजूला ढकलली जाते आणि मशीनला कळतं की कुणीतरी हेडफोन लावले. चांगलं मशीन त्याच क्षणी तीन गोष्टी करतं: बोलायला सुरुवात करतं, बाहेरचा स्पीकर बंद करतं आणि आवाज ठरावीक मध्यम पातळीला आणतं. पिन काढली की उलट. माणूस हेडफोन काढून निघून गेला, तर त्याचा व्यवहार पडद्यावर उघडा राहू नये. काही मशीनं याहून एक पाऊल पुढे जातात, हेडफोन लावल्यावर पडदा काळा करायचा का ते विचारतात. हे मला फार मोलाचं वाटतं. खांद्यावरून कोण डोकावतंय हे ज्याला दिसत नाही, त्याच्यासाठी पडदा उजळ ठेवायचा कशाला?

पण आधी भोक सापडायला हवं. नियम सांगतो की बोलणं कसं सुरू करायचं याच्या सूचना ब्रेलमध्ये मशीनवर असल्या पाहिजेत. हे चांगलं आहे, पुरेसं नाही. दृष्टी उशिरा गेलेल्या कितीतरी जणांना ब्रेल येत नाही. त्यांना बोटांनीच शोधावं लागतं. जॅकभोवती उठावाची एक गोल कड, शेजारी हेडफोनचं उठावदार चिन्ह, आणि जागा कीपॅडच्या किंवा कार्डाच्या खाचेच्या जवळ, इतकं केलं तरी हात आपोआप तिथं पोचतो. मी घरी येऊन डोळे मिटून स्वतःच्या लॅपटॉपला इअरफोन लावून पाहिले. कित्येक वर्षांचा रोजचा लॅपटॉप, तरी पिन दोनदा भलत्याच भोकात खुपसायला गेले. अनोळखी मशीनपुढे, मागे रांग असताना काय होत असेल?

आणखी एक बारकावा. बरेच दृष्टिहीन लोक बाहेर असताना एकाच कानात इअरफोन घालतात, दुसरा कान आजूबाजूच्या जगासाठी मोकळा ठेवतात. मशीननं आवाज फक्त डाव्या बाजूला पाठवला आणि माणसानं उजवा इअरफोन घातला असेल, तर त्याच्या लेखी मशीन मुकंच. आवाज दोन्ही बाजूंना सारखा पाठवणं हे काम क्षुल्लक आहे, फक्त ते कुणाच्या तरी लक्षात यायला हवं.

काय बोलायचं आणि काय गिळायचं

पडद्यावर जे जे दिसतं ते बोललं गेलं पाहिजे, हा मूळ नियम. 'जे जे' म्हणजे मुख्य मेनू बोलायचा आणि शेवटी येणारी शुल्काची सूचना गाळायची, असं नाही. व्यवहार झाल्यावर तो बरोबर झाला का हे पडताळायला लागणारी सगळी माहितीही बोलून दाखवायची. बोलणं आणि पडदा बरोबरीनं चालले पाहिजेत. पडदा पुढे गेलाय आणि आवाज मागच्याच प्रश्नावर अडकलाय असं चालत नाही.

बोलणं थांबवता आणि पुन्हा ऐकता आलं पाहिजे. माणसानं पर्याय निवडला की चालू वाक्य आपोआप तुटलं पाहिजे. हे बारीक वाटतं, पण रोज वापरणाऱ्याला विचारा. चौथ्या पर्यायावर जायचंय हे माहीत असताना दर वेळी पहिल्या तीनची कीर्तनं ऐकत उभं राहणं म्हणजे शिक्षा आहे.

मग येतो पिन नंबर. डोळस माणसाला पडद्यावर चार टिंबं दिसतात. अंध माणसाला काय ऐकू यावं? मशीननं 'सात, तीन, नऊ, एक' असं म्हटलं तर संपलंच. अमेरिकेच्या मानकात तोड अशी आहे की जे आकडे पडद्यावर मुद्दाम लपवलेले असतात, त्यांच्या जागी नुसता टुक् असा आवाज चालेल. एक कळ, एक टुक्. किती आकडे दाबले ते कळतं, कोणते ते नाही.

युरोपचं मानक इथं जास्त खोलात जातं, आणि माझ्या मते जास्त शहाणपणानं. ते म्हणतं, लपवलेले आकडे बोलून दाखवायचे नाहीत, मात्र दोन अपवाद आहेत. आवाज फक्त खासगी साधनातच जातोय हे मशीनला पक्कं माहीत असेल, किंवा माणसानं स्वतः बाहेरच्या आवाजाला होकार दिला असेल, तर बोललेलं चालेल. पहिल्या अपवादामागचा विचार बघा. कानात हेडफोन आहेत, बाहेर कुणाला ऐकू जात नाही, मग कोणती कळ दाबली गेली ते माणसाला सांगायला काय हरकत आहे? बोट चुकून शेजारच्या कळीवर गेलं तर टुक् मधून ते कळणार नाही. आकडा ऐकला तर कळेल.

त्याच मानकातला पुढचा नियम आमच्या त्या दिवसाला नेमका लागू पडतो. यंत्र जे बोलणार आहे त्यात खासगी माहिती असेल, तर ती फक्त खासगी ऐकण्याच्या साधनातूनच द्यायची. ते साधन न बघता जोडता आलं पाहिजे. आणि दुसऱ्या मार्गानं द्यायची असेल तर माणसानं तो मार्ग स्वतःहून निवडलेला असला पाहिजे. न बघता जोडता येणं हे शब्द तिथं आहेत. म्हणजे मशीनला भोक आहे की नाही, एवढ्यावर भागत नाही. शिल्लक मोठ्यानं वाचण्याआधी त्या मशीननं फक्त विचारायला हवं होतं: हेडफोन लावता, की स्पीकरवर सांगू?

एटीएमच्या अमेरिकी मानकातही हीच भूमिका एका वाक्यात आहे. मशीनला माहिती देताना आणि मशीनकडून घेताना इतर सगळ्यांना जेवढी गुप्तता मिळते, तेवढीच याही माणसाला मिळाली पाहिजे. जास्त काही मागितलेलं नाही.

आवाज किती

इथं नियम दोन वेगळ्या वाटांनी जातात, आणि लोक हमखास गोंधळतात.

मशीन स्पीकरवर बोलत असेल तर आवाज पायरी-पायरीनं वाढवता आला पाहिजे आणि किमान 65 डेसिबलपर्यंत पोचला पाहिजे. साधारण हातभर अंतरावरून दोघं नेहमीसारखं बोलतात तेव्हाची पातळी याच्या आसपास असते. सन 2000 च्या मानकात आणखी एक अट होती: आजूबाजूचा गोंगाट 45 डेसिबलच्या वर असेल, तर त्या गोंगाटापेक्षा 20 डेसिबल जास्त आवाज निवडता आला पाहिजे.

डेसिबल ही आपल्या मोजपट्टीसारखी सरळ चढत नाही, हे इथं लक्षात घ्यायला हवं. 20 डेसिबल जास्त म्हणजे ध्वनीचा दाब 10 पट आणि ऊर्जा 100 पट. गर्दीच्या स्थानकावर गोंगाट 65 धरला तर स्पीकरला 85 वर जावं लागेल. म्हणजे अख्ख्या दालनाला त्या माणसाचा व्यवहार ऐकवायचा. गोंगाट जितका जास्त तितकं स्पीकरवर ऐकू येणं कठीण, आणि ऐकू येईल इतका आवाज केला की गुप्तता गेली. स्पीकरकडे या पेचाला उत्तरच नाही. हेडफोनकडे आहे, कारण तिथं आवाज कानापाशीच तयार होतो आणि तिथंच संपतो.

म्हणून खासगी ऐकण्यासाठी नियम डेसिबलचा आकडा सांगत नाही. सांगता येतही नाही. प्रत्येकाचे हेडफोन वेगळे, एकच विद्युतसंकेत एका जोडीत कुजबुजतो आणि दुसऱ्या जोडीत ओरडतो. नियम एवढंच मागतो की आवाज कमी-जास्त करायची सोय हवी, आणि युरोपच्या मानकाप्रमाणे ती न बघता वापरता येणारी हवी. आवाजाचं बटण टचस्क्रीनवर काढलेलं चित्र असेल, तर ते ज्याच्यासाठी आहे त्यालाच ते सापडत नाही. कीपॅडची एखादी कळ किंवा जॅकशेजारी उंचवट्याचं खरंखुरं बटण, हे चालतं.

राहिला आवाज पूर्ववत करण्याचा नियम. स्पीकरचा आवाज प्रत्येक वापरानंतर आपोआप मूळ पातळीला यायला हवा. युरोपच्या मानकात ती पातळी 65 डेसिबल किंवा त्याहून कमी, एकाच माणसाच्या मालकीचं यंत्र असेल तर ही सक्ती नाही. कारण उघड आहे. आधीच्या माणसाला कमी ऐकू येत होतं, त्यानं आवाज पूर्ण चढवला आणि तो निघून गेला. पुढच्यानं हेडफोन कानात घालून पिन खुपसली की कानठळी बसणार. म्हणून मला वाटतं, हेडफोनच्या वाटेलाही हा नियम तितक्याच काटेकोरपणे पाळला पाहिजे.

कानांच्या सुरक्षेचं वेगळं मानक आहे, जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून केलेलं. ते फोन आणि संगीताच्या साधनांसाठी आहे. मोठ्यांसाठी आठवड्याला 80 डेसिबलवर 40 तास, मुलांसाठी 75 डेसिबलवर 40 तास, असा त्याचा हिशेब. दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते: 83 ला 20 तास, 86 ला 10. एटीएमपुढच्या तीन मिनिटांना हा हिशेब लावायची गरज नाही. पण जो माणूस दिवसभर फोन, संगणक आणि मशीन सगळंच कानानं वाचतो, त्याचे तास पटकन साठतात. त्याच्यासाठी कान हेच डोळे आहेत, ते जपायलाच हवेत.

कमी ऐकू येणाऱ्यांसाठी तेच भोक

आतापर्यंत मी न दिसणाऱ्यांबद्दल बोलले. पण श्रवणयंत्र वापरणाऱ्यांचाही या नियमांवर तितकाच हक्क आहे, आणि तिकडे फार कमी लक्ष जातं.

पुष्कळ श्रवणयंत्रांत तांब्याच्या तारेचं एक इवलंसं वेटोळं असतं, त्याला टेलिकॉइल म्हणतात. ते हवेतला आवाज पकडत नाही, चुंबकीय क्षेत्रातला बदल पकडतं. रिसीव्हरमधून आवाजाबरोबर तसं चुंबकीय क्षेत्रही निघत असेल, तर बोलणं थेट श्रवणयंत्रात उतरतं आणि आजूबाजूचा गलका बाहेरच राहतो. म्हणून नियम म्हणतो की जे साधन कानाशी धरून ऐकायचं असतं, त्यात श्रवणयंत्राशी असं चुंबकीय जोडणं शक्य असलं पाहिजे. अमेरिकेत टेलिफोन श्रवणयंत्राशी जुळणारे असावेत असा कायदा 1988 सालीच झाला. तिथल्या दूरसंचार आयोगानं 2024 मध्ये मोबाइल हँडसेटच्या सगळ्याच्या सगळ्या मॉडेलांना ही अट घालायचं ठरवलं.

मशीनला रिसीव्हर नसेल, नुसता जॅक असेल तरी काम होतं. गळ्यात माळेसारखी घालायची एक तारेची लूप मिळते, तिची पिन जॅकमध्ये घातली की ती माळच चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि श्रवणयंत्र ते उचलतं. म्हणजे एकच भोक दोघांच्या कामी येतं. मात्र लूपला इअरफोनपेक्षा जास्त जोर लागू शकतो; मशीनचा आवाज पुरेसा चढत नसेल तर लूप घातलेल्या माणसाला काहीच ऐकू येणार नाही. आवाजाच्या नियमाचा एक अर्थ हाही आहे.

ब्लूटूथ आहे की, मग भोक कशाला?

हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. 2016 साली आयफोन 7 मधून जॅक गेला, मग एकामागोमाग इतरांनीही काढला. आता कितीतरी जणांच्या खिशात तारेचे इअरफोन नसतातच. मग मशीनच्या पत्र्यात जुनं भोक का ठेवायचं?

कारण तार दुसऱ्या कुणालाही जोडली जाऊ शकत नाही. पिन आत गेली की कान आणि मशीन जोडले गेले, संपलं. ब्लूटूथला आधी ओळख करून द्यावी लागते. मशीनच्या पडद्यावर जवळपासच्या साधनांची यादी येणार, त्यातून आपलं निवडायचं. ही यादी वाचून कोण दाखवणार? अजून तर हेडफोन जोडलेलेच नाहीत! यादीत मागच्या माणसाचे इअरफोनही असतील, आणि चुकून तेच निवडले गेले तर माझ्या मित्राची शिल्लक सरळ त्यांच्या कानात. शिवाय काम झाल्यावर मशीन ती ओळख विसरलं की नाही, हा प्रश्न उरतोच.

ब्लूटूथचा ऑराकास्ट नावाचा नवा प्रकार आहे. त्यात एकाच ठिकाणाहून आवाज प्रसारित होतो आणि परिसरातले कितीही जण आपापल्या कानात तो घेतात. सभागृहात, विमानतळावरच्या घोषणांसाठी हे उत्तम आहे आणि श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना त्यातून खूप मिळणार आहे. पण जो आवाज एकाच कानासाठी आहे, तो प्रसारित करायचा असेल तर त्याला संकेतशब्दाचं कुलूप लावावं लागतं, आणि तो शब्द न बघता मिळवायची सोय पुन्हा आलीच. उद्या हे सुटेल. तोवर मशीनला भोक असू द्या. तारेशिवायची सोय तिच्या जोडीला द्यावी, तिच्या जागी नको.

मतदान

गुप्ततेची किंमत सर्वांत जास्त कळते ती मतदानात. अमेरिकेच्या 2002 च्या निवडणूक कायद्यानं प्रत्येक मतदान केंद्रावर निदान एक यंत्र असं मागितलं, जे न बघता वापरता येईल आणि तेही इतरांइतक्याच गुप्ततेनं आणि स्वतंत्रपणे. तिथल्या मतदान यंत्रांच्या मार्गदर्शक मानकात 3.5 मिलिमीटरचा जॅक स्पष्ट लिहिलेला आहे, म्हणजे मतदार आपलं साधन आणू शकतो. त्याआधी अंध मतदारानं काय करायचं? कुणाला तरी सोबत न्यायचं आणि त्याच्या कानात उमेदवाराचं नाव सांगायचं. सोबतीनं तेच बटण दाबलं की दुसरं, हे विश्वासावर सोडायचं. हेडफोन लावून एकट्यानं उभं राहणं आणि हे, यात केवढं अंतर आहे!

कागदावर आहे, प्रत्यक्षात?

नियम पाळलाय असं कागदावर दाखवणं सोपं असतं. भोक आहे? आहे. बोलतं? बोलतं. प्रत्यक्षात भोकात धूळ भरलेली असते, पत्री सैल झालेली असते, किंवा कुणीतरी त्यावर स्टिकर चिकटवलेला असतो. मशीनचं सॉफ्टवेअर बदलतं, पडद्यावर नवा पर्याय येतो आणि बोलणाऱ्या भागात तो घालायचा राहून जातो. मग आवाज म्हणतो चार पर्याय आणि पडद्यावर असतात पाच. तिथल्या कर्मचाऱ्याला विचारलं तर त्याला मशीन बोलतं हेच माहीत नसतं. म्हणून तपासणी एकदा बसवताना करून भागत नाही. जो माणूस नोटा भरायला किंवा कागद बदलायला येतो, त्यानं प्रत्येक वेळी खिशातून इअरफोन काढून पिन घालून पाहिली, डोळे मिटून एक व्यवहार शेवटपर्यंत केला, तर यातल्या बहुतेक चुका त्याच दिवशी सापडतील. पाच मिनिटांचं काम आहे.

माझ्या मित्रानं आता तारेचे इअरफोन कायम जवळ ठेवलेत, काटकोनात वळलेली पिन असलेले, म्हणजे धक्का लागून निघत नाहीत. काही महिन्यांनी आम्ही दुसऱ्या एका मशीनपाशी गेलो. याचा जॅक कीपॅडच्या लगेच वर होता, भोवती उंच कड. त्याचा अंगठा कडेवरून एकदा फिरला, पिन आत गेली, आणि पडदा काळा झाला. मी त्याच्यापासून दोन पावलांवर उभी होते. मशीन त्याला काहीतरी सांगत होतं. तो मान हलवत होता, मध्येच थांबला, एक कळ पुन्हा दाबली, आणि हसला. का हसला ते मला कळलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही.